तारीख तेवढी आपली

अमेरिकेतल्या एखाद्या शहराच्या वर्तमानपत्राची रविवारची आवृत्ती चाळताना नोकऱ्यांच्या पानावर कधीकधी एक छोटी, रूक्ष जाहिरात दिसते. सॉफ्टवेअर इंजिनिअर पाहिजे. संगणकशास्त्रातली मास्टर्स पदवी आणि अमुक तंत्रज्ञानातला दोन वर्षांचा अनुभव हवा. कंपनीचं नाव, गाव आणि अर्ज पाठवण्याचा पत्ता. पुढच्या एखाद्या रविवारी तीच जाहिरात पुन्हा छापून येते. पण त्या कंपनीत त्या जागेवर माणूस असतोच, बहुधा दोन-तीन वर्षांपासून असतो. तो पुण्याचा, नाशिकचा किंवा हैदराबादचा असतो आणि ही जाहिरात त्याच्याच ग्रीन कार्डासाठी दिलेली असते. त्याचं काम करायला लायक आणि तयार असा अमेरिकी माणूस मिळतो का, हे कंपनीने आधी शोधायचं आणि नाही मिळाला तरच पुढे जायचं, असा तिथला नियम आहे.

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असलेल्या घरांमध्ये ‘ग्रीन कार्ड फाइल झालं’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. ऐकणाऱ्याला वाटतं, मुलाने अर्ज केला आणि आता काही महिन्यांत उत्तर येईल. नोकरीच्या वाटेने जाणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत यातलं काहीच खरं नसतं. पहिले दोन अर्ज कंपनीचे असतात. कागदावर अर्जदार म्हणून कंपनीचं नाव येतं, माणसाचं नाव लाभार्थी म्हणून. वकील कंपनीने नेमलेला, फाइल कंपनीच्या ताब्यात, आणि मधेच कंपनीचा विचार बदलला तर तिला थांबवण्याचा अधिकार त्या माणसाला नाही. या सगळ्या कागदांमधून त्याच्या स्वतःच्या नावावर कायमची जमा होते ती फक्त एक तारीख. तिला प्रायॉरिटी डेट म्हणतात, बोलताना नुसतं ‘पीडी’. परदेशी जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने आणि त्याच्या घरच्यांनी या वाटेबद्दल एकच गोष्ट नीट समजून घ्यायची असेल तर ती ही तारीख समजून घ्यावी, असं मला वाटतं.

आजच्या व्यवस्थेचा पाया १९६५ सालचा आहे. त्याआधी अमेरिकेत कोणत्या देशातून किती माणसं यावीत हे १९२४च्या कायद्याने ठरत होतं आणि त्यात आशियाई माणसांना दार जवळजवळ बंद होतं. १९४६ मध्ये भारतासाठी ते किंचित उघडलं, तेही वर्षाला १०० माणसांपुरतं. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी नव्या कायद्यावर सही केली आणि वंश-देशांवर बेतलेले जुने कोटे गेले. पुढे मुंबई-पुण्यातून डॉक्टर आणि इंजिनिअर निघाले ते या उघडलेल्या दारातून. मात्र त्याच कायद्याने एका देशातून वर्षाला जास्तीत जास्त किती माणसं घ्यायची याची मर्यादाही घातली. कोणत्याही देशावर अन्याय होऊ नये म्हणून पूर्व गोलार्धातल्या सगळ्या देशांना मर्यादा सारखीच. त्या काळात भारतातून जाणारे इतके थोडे होते की ती मर्यादा कोणाला टोचली नाही.

टोचू लागली ती १९९०च्या कायद्यानंतर. नोकरीच्या आधारावर वर्षाला १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं द्यायची, त्यांचे पाच वर्ग करायचे आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना ७ टक्क्यांहून अधिक वाटा द्यायचा नाही, असं त्या कायद्याने ठरवलं. एच-१बी या तात्पुरत्या कामाच्या व्हिसाला आजचं रूपही त्यानेच दिलं. पुढच्या दहा वर्षांत संगणक उद्योग फुगला, वायटूकेच्या कामासाठी हजारो भारतीय एच-१बीवर गेले, २००१ ते २००३ या तीन वर्षांत तर एच-१बीची वार्षिक मर्यादा १ लाख ९५ हजारांपर्यंत वाढवली गेली. आत येण्याचं दार असं रुंद होत असताना कायमच्या वास्तव्याचं दार १९९० सालच्याच मापाचं राहिलं. आजही ते तेवढंच आहे.

या आकड्यांचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. ईबी-२ हा वर्ग मास्टर्स पदवी किंवा पदवी आणि पाच वर्षांचा अनुभव लागणाऱ्या नोकऱ्यांचा. त्याच्या वाट्याला एकूणाच्या २८.६ टक्के, म्हणजे सुमारे ४० हजार कार्डं येतात. त्याचे ७ टक्के म्हणजे साधारण २,८००. ही कार्डं माणशी मोजली जातात, म्हणजे नवरा-बायको आणि एक मूल असेल तर एका नोकरीमागे तीन कार्डं गेली. अशी नऊशे-साडेनऊशे कुटुंबं झाली की भारताचा वर्षाचा हक्काचा वाटा संपला. ईबी-३ या त्याखालच्या वर्गाचं गणित तसंच. इतर देशांनी न वापरलेली कार्डं कधीकधी रांगेतल्या जुन्या भारतीयांकडे वळतात, त्यामुळे प्रत्यक्षात काही वर्षं बरी जातात. पण मर्यादा मालदीवला जेवढी तेवढीच भारताला, आणि रांगेत उभे असलेल्यांमध्ये निम्म्याहून जास्त भारतीय. वॉशिंग्टनच्या केटो इन्स्टिट्यूटमधले अभ्यासक डेव्हिड बीअर यांनी २०२३ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार नोकरीवर आधारलेल्या रांगेत सुमारे १८ लाख माणसं होती, त्यांपैकी ११ लाख भारतातली. आणि त्या वर्षी नव्याने रांगेत उभ्या राहणाऱ्या भारतीयाला १३४ वर्षं थांबावं लागेल असं गणित निघत होतं. १३४ वर्षं कोणी थांबत नाही. माणसं रांग सोडतात, परत येतात, दुसऱ्या देशात जातात, मरतात. पण एवढ्या लांबीची रांग कायद्यात बसते, हे त्या आकड्यावरून कळतं.

त्या रविवारच्या जाहिरातीपासून ही तारीख कशी तयार होते ते आता क्रमाने पाहू. पहिल्या टप्प्याला ‘पर्म’ म्हणतात, जुने लोक अजून ‘लेबर’ म्हणतात. ही पद्धत मार्च २००५ पासून चालू आहे. कंपनी आधी अमेरिकेच्या कामगार खात्याकडून त्या गावात त्या कामाचा प्रचलित पगार किती हे ठरवून घेते. त्याहून कमी पगारावर परदेशी माणूस ठेवता येत नाही. यालाच अलीकडे कित्येक महिने लागतात. मग दोन रविवारी वर्तमानपत्रात जाहिरात, राज्याच्या रोजगार केंद्रात ३० दिवस नोंद, आणि यादीतल्या आणखी तीन मार्गांनी शोध: कंपनीची वेबसाइट, नोकऱ्यांचं संकेतस्थळ, कॉलेजमधली भरती, असं काहीतरी. शिवाय ऑफिसमध्येच कर्मचाऱ्यांना दिसेल अशा जागी सलग दहा कामकाजाचे दिवस एक सूचना लावायची. चहा-कॉफीच्या खोलीत, किमान वेतनाच्या तक्त्याशेजारी लावलेल्या त्या कागदावर पद, काम आणि पगार स्पष्ट लिहिलेला असतो, आणि कोणाला हरकत असेल तर कुठे कळवायचं तेही. नाव नसतं, पण वाचणाऱ्या सहकाऱ्यांना हा कागद कोणासाठी आहे हे बहुतेक वेळा कळतंच. स्वतःचा पगार असा भिंतीवर लागलेला बघत रोज तिथून कॉफी घेऊन जाणं किती अवघड असतं, हे ज्याने ते केलं आहे त्यालाच ठाऊक.

अर्ज आले तर कंपनीने ते प्रामाणिकपणे तपासायचे. ज्याच्यासाठी हे चाललंय त्याने या तपासणीत भाग घ्यायचा नाही. लायक आणि तयार अमेरिकी माणूस सापडला तर कंपनीला त्याला नोकरी द्यावीच लागते असं नाही, पण पर्मचा अर्ज मात्र करता येत नाही. प्रक्रिया तिथेच थांबते आणि काही महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागते. या जाहिराती मनापासून दिल्या जात नाहीत, असा आक्षेप अमेरिकेत फार जुना आहे आणि तो बिनबुडाचा नाही. फेसबुकने पर्मच्या जागांसाठी अर्ज फक्त टपालाने मागवले आणि स्वतःच्या वेबसाइटवर त्या जागा दाखवल्या नाहीत, असा ठपका तिथल्या न्याय खात्याने ठेवला. २०२१ मध्ये कंपनीने १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरपर्यंतची रक्कम देऊन तो खटला मिटवला. २०२३ मध्ये जवळपास तशाच तक्रारीवरून अॅपलने अडीच कोटी डॉलरपर्यंत देण्याचं मान्य केलं. त्यानंतर कंपन्या सावध झाल्या. त्यातच नोकरकपात आली. गेल्या सहा महिन्यांत त्याच कामातली माणसं काढली असतील तर पर्म करताना कंपनीला त्यांना आधी विचारावं लागतं. त्यामुळे २०२३ मध्ये अनेक मोठ्या कंपन्यांनी पर्म करणंच थांबवलं. ज्याची पाळी नेमकी त्या वर्षी होती त्याचं नुकसान कशानेही भरून येत नाही.

इथे आपल्याकडच्या कागदांचा प्रश्न येतो. जाहिरातीत जी पात्रता लिहिली ती माणसाने ही नोकरी धरण्यापूर्वीच मिळवलेली असावी लागते. याच कंपनीत मिळालेला अनुभव सहसा धरत नाहीत. म्हणून दहा वर्षांपूर्वी हिंजवडीत किंवा अंधेरीत जिथे काम केलं तिथल्या एचआरकडून पत्र आणावं लागतं, आणि त्यात नुसत्या तारखा नाही, तर कोणतं काम केलं, कोणती साधनं वापरली हे लिहिलेलं लागतं. एचआर ठरावीक दोन ओळींचं पत्र देतं. मग त्या वेळच्या साहेबाला किंवा सहकाऱ्याला शोधून त्याच्याकडून प्रतिज्ञापत्र करून घ्यायचं. कंपनी बंद पडली असेल तर आणखी शोधाशोध. पदवीचाही घोळ असतो. आपली तीन वर्षांची बी.एस्सी. किंवा बी.कॉम. एकटी अमेरिकेतल्या चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची सहसा धरली जात नाही, आणि त्यामुळे चांगला अनुभव असलेली माणसंही खालच्या वर्गात जातात किंवा अडकतात. परदेशी नोकरीचा विचार असलेल्या प्रत्येकाने कंपनी सोडतानाच सविस्तर अनुभवपत्र मागून ठेवावं. तेव्हा ते दोन दिवसांत मिळतं.

जाहिराती संपल्या आणि त्यानंतर थांबण्याचा ठरलेला काळ गेला की कंपनी कामगार खात्याकडे पर्मचा अर्ज दाखल करते. तो दाखल होतो त्या दिवशीची तारीख म्हणजे प्रायॉरिटी डेट. निकाल यायला अलीकडे वर्षाहून जास्त काळ लागतो, पण तारीख दाखल झाल्याची धरतात. मंजुरी मिळाली की १८० दिवसांच्या आत कंपनीने पुढचा अर्ज करायचा, तो आय-१४०. त्यात कंपनीला हा पगार देण्याची ऐपत आहे आणि माणूस खरोखर पात्र आहे, हे दाखवावं लागतं. जादा फी भरली तर यावर कामकाजाच्या १५ दिवसांत उत्तर मिळतं. पर्मचा खर्च, वकिलाच्या फीसह, कंपनीनेच करायचा असा २००७ पासून नियम आहे. काही छोट्या कन्सल्टन्सी तो माणसाच्या पगारातून वळता करतात. ते बेकायदेशीर आहे, आणि अशा ठिकाणी पुढचे कागदही सरळ निघत नाहीत.

आय-१४० मंजूर झाला की ती तारीख माणसाच्या नावाला चिकटते. नोकरी बदलली तर नव्या कंपनीला पर्म आणि आय-१४० पुन्हा करावं लागतं, पण तारीख जुनीच लागते. ईबी-३ मधून ईबी-२ मध्ये गेलं तरी जुनीच. मंजुरीनंतर १८० दिवस उलटले असतील आणि मग कंपनीने अर्ज मागे घेतला, तरी जानेवारी २०१७च्या नियमामुळे एच-१बीची मुदतवाढही त्या मंजुरीवर मिळत राहते. १८० दिवसांच्या आत मागे घेतला तर तारीख टिकते, मुदतवाढीचा आधार मात्र जातो. खोटे कागद किंवा सरकारची गंभीर चूक निघाली, किंवा पर्मच रद्द झालं, तरच तारीख जाते. आता एवढं मोलाचं हे सगळं असूनही अनेकांकडे आय-१४० मंजुरीच्या पत्राची प्रतही नसते, कारण पत्र कंपनीला येतं आणि काही कंपन्या ते कर्मचाऱ्याला देत नाहीत, माणूस सोडून जाईल या भीतीने. निदान त्यावरचा पावती क्रमांक तरी मागून घ्यावा. ते मागणं उद्धटपणाचं नाही.

यानंतर खरी वाट पाहणं सुरू होतं. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं. त्यात वर्गानुसार आणि देशानुसार एकेक तारीख असते; तुमची तारीख तिच्या आधीची असेल तर तुम्ही ‘करंट’, म्हणजे शेवटचा अर्ज, आय-४८५, करता येतो. २०२५ संपताना भारताच्या ईबी-२ आणि ईबी-३ या दोन्ही वर्गांतली तारीख २०१३ सालातच होती. ही तारीख पुढेच जाते असंही नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये भारताची ईबी-२ डिसेंबर २०१४ पर्यंत आली होती. कोविडमुळे कुटुंबाच्या नात्यावर द्यायच्या वर्गातली न वापरलेली कार्डं इकडे आली आणि त्या आर्थिक वर्षाचा आकडा २ लाख ८० हजारांच्या वर गेला, हे त्याचं कारण. डिसेंबर २०२२ मध्ये तीच तारीख ऑक्टोबर २०११ वर मागे गेली. २०१३ची तारीख असलेला माणूस सप्टेंबरात करंट होता, डिसेंबरात नव्हता. त्याआधीच्या वर्षी तर साठ हजारांहून अधिक कार्डं सरकारला वेळेत देताच आली नाहीत आणि वर्ष संपताच ती रद्द झाली. रांगेतल्या लोकांना याचं जे दुःख झालं ते मला पूर्ण पटतं. मर्यादा कमी असणं एक वेळ समजतं. असलेली कार्डं कार्यालयाच्या संथपणात वाया जाणं समजत नाही.

२००७ सालची गोष्ट या रांगेत अजून सांगितली जाते. त्या वर्षी जुलैच्या बुलेटिनमध्ये परराष्ट्र खात्याने जवळजवळ सगळे वर्ग एकदम करंट केले. आय-४८५ भरताना माणूस अमेरिकेत असावा लागतो, म्हणून सुट्टीवर भारतात आलेली कुटुंबं तिकिटं बदलून परत गेली, डॉक्टरांकडे तपासण्यांसाठी रांगा लागल्या, लोकांनी रात्री जागून कागद जुळवले. २ जुलैला, म्हणजे अर्ज घ्यायला सुरुवात व्हायच्या दिवशीच, सुधारित बुलेटिन आलं: या वर्षीची सगळी कार्डं संपली, एकही अर्ज घेतला जाणार नाही. निषेध कसा करायचा? ‘लगे रहो मुन्नाभाई’ आदल्या वर्षीच येऊन गेला होता. रांगेतल्या भारतीयांनी मुन्नाभाईची गांधीगिरी केली. त्यांनी नागरिकत्व आणि स्थलांतर सेवा खात्याचे संचालक एमिलिओ गोन्झालेझ यांच्या वॉशिंग्टनच्या कार्यालयात शेकडो फुलांचे गुच्छ पाठवले. गोन्झालेझ यांनी ती फुलं लष्करी रुग्णालयांतल्या जखमी सैनिकांकडे पाठवली. कॅलिफोर्नियात सॅन होजेमध्ये मोर्चा निघाला. १७ जुलैला सरकारने निर्णय फिरवला आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज घेतले. त्या महिन्यात ज्यांनी अर्ज भरला त्यांना कार्ड मिळायला पुढेही वर्षं लागली, पण हातात कामाचा स्वतंत्र परवाना आला आणि आय-४८५ दाखल होऊन १८० दिवस उलटल्यावर त्याच प्रकारच्या कामात कंपनी बदलण्याची मोकळीक मिळाली. कंपनीवरचं अवलंबित्व खऱ्या अर्थाने सैल होतं ते याच टप्प्यावर, कार्ड हातात येण्याच्या आधीच.

तोपर्यंतचं आयुष्य एच-१बीवर चालतं. या व्हिसाची मूळ मुदत सहा वर्षं. आय-१४० मंजूर असेल तर ऑक्टोबर २०००च्या कायद्याने तीन-तीन वर्षांची वाढ मिळत राहते, कितीही वेळा. म्हणूनच माणसं पंधरा वर्षं ‘तात्पुरती’ राहू शकतात. घर घेतात, मुलं शाळेत जातात, मंडळाच्या गणपतीत पुढाकार घेतात, आणि तरी नोकरी गेली तर नवी कंपनी शोधायला ६० दिवस मिळतात, त्यापलीकडे नाही. बढती घेऊन कामाचं स्वरूप बदललं किंवा दुसऱ्या महानगरात बदली झाली तर पर्म पुन्हा करावं लागू शकतं, म्हणून काहीजण बढती नाकारतात. बायको किंवा नवरा एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर. त्यांना काम करण्याची परवानगी २०१५ पासून मिळते, तीही मुख्यतः जोडीदाराचा आय-१४० मंजूर झाला असेल तरच. डॉक्टर, वकील, शिक्षिका असलेल्या कितीतरी मराठी बायकांनी त्याआधीची वर्षं घरात काढली.

आणि ज्याच्या नावावर हे सगळं आहे तोच गेला तर? श्रीनिवास कुचिभोटला हे हैदराबादचे इंजिनिअर कॅन्सस राज्यातल्या ओलेथा गावात गार्मिन कंपनीत होते. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी वर्णद्वेषाने पेटलेल्या माणसाने त्यांना गोळ्या घातल्या. पतीच्या अंत्यसंस्कारासाठी भारतात आलेल्या सुनयना दुमाला यांचा अमेरिकेत परतण्याचा हक्कच उरला नव्हता, कारण त्यांचं तिथलं वास्तव्य पतीच्या व्हिसावर अवलंबून होतं. स्थानिक खासदार केविन योडर यांनी मदत केली म्हणून त्या परतू शकल्या. ज्यांच्यामागे खासदार उभा राहत नाही अशा बायकांची नावं आपल्याला माहीत नसतात.

मुलांचा प्रश्न याहून मोठा आहे. मूल २१ वर्षांचं झालं की ते आई-वडिलांच्या अर्जातून बाहेर पडतं. २००२ च्या एका कायद्याने आय-१४० प्रलंबित राहिला तेवढे दिवस मुलाच्या वयातून वजा होतात, पण दहा-बारा वर्षांच्या रांगेपुढे ते काही महिने पुरत नाहीत. दोन वर्षांचं असताना पुण्याहून नेलेलं मूल, मराठी तोडकीमोडकी बोलणारं, अमेरिकी शाळेत वाढलेलं, एकविसाव्या वर्षी परदेशी विद्यार्थी ठरतं, किंवा देश सोडतं. धाकटं भावंड तिकडेच जन्मलेलं असेल तर ते जन्माने नागरिक. एकाच घरात, एकाच जेवणाच्या टेबलावर, दोन मुलांचे दोन कायदे.

इथे जन्माचा मुद्दा पुन्हा येतो, कारण रांग ठरते ती नागरिकत्वावरून नाही तर जन्माच्या देशावरून. वडील मस्कतला नोकरीला असताना तिथे जन्मलेली मराठी मुलगी भारतीय पासपोर्ट असूनही ओमानच्या वाट्यात मोजली जाते, आणि ओमानच्या वाट्याची रांग भारताच्या मानाने फारच छोटी असते. तिचा नवरा सांगलीत जन्मलेला असला तरी बायकोच्या जन्मदेशाचा आधार घेऊन तो तिच्या रांगेतून जाऊ शकतो. मोठमोठ्या पदव्या जे करू शकत नाहीत ते जन्मगाव करतं. यात कोणाचंच कर्तृत्व नाही, म्हणूनच देशवार मर्यादा कौशल्यावर आधारलेल्या व्यवस्थेत बसत नाही, असं माझं ठाम मत आहे.

शेवटच्या अर्जाला जन्मदाखला लागतो आणि तिथे आपल्याकडच्या घरांची धावपळ सुरू होते. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे जन्माची नोंद आजोळच्या ग्रामपंचायतीत. आता तिथे कोणी राहत नाही. नोंद सापडली तर त्यात बाळाचं नाव नसतं, कारण नोंद बारशाच्या आधीची. आईचं नाव माहेरचं लिहिलेलं, पासपोर्टवर सासरचं. नोंदच नसेल तर ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपालिकेकडून अनुपलब्धतेचा दाखला घ्यायचा आणि जन्माची माहिती असलेल्या दोघा नातेवाइकांची, शक्यतो आई-वडिलांची, प्रतिज्ञापत्रं जोडायची. आई-वडील हयात आणि फिरते आहेत तोवर हे करून ठेवावं. बुलेटिन अचानक पुढे सरकतं तेव्हा हातात दोन-तीन महिनेच असतात.

कायदा बदलण्याचे प्रयत्न झाले. देशवार मर्यादा काढणारं विधेयक १० जुलै २०१९ रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं, दोन्ही पक्षांच्या पाठिंब्याने. सिनेटने डिसेंबर २०२० मध्ये वेगळ्या रूपात ते मंजूर केलं. दोन्ही मसुदे जुळवायला वेळ उरला नाही आणि ते बारगळलं. त्यालाही विरोध होता, आणि तो ऐकून घेण्यासारखा आहे: एकूण कार्डं न वाढवता मर्यादा काढली तर पुढची काही वर्षं बाकीच्या सगळ्या देशांची माणसं थांबतील. खरा उपाय आकडा वाढवण्यातच आहे, आणि त्यासाठी लागणारी राजकीय इच्छा तिथे सध्या दिसत नाही. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरून येणाऱ्या नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरची रक्कम लावण्यात आली.

इतर देशांत मालकाच्या आधाराने कायम वास्तव्य मिळतं तेव्हा जन्मदेश आड येत नाही. ऑस्ट्रेलियात पुरस्कृत कामगाराला साधारण दोन वर्षांच्या कामानंतर कंपनी कायमच्या व्हिसासाठी पुढे करू शकते. जर्मनीत ब्लू कार्डवरच्या माणसाला २७ महिन्यांनी, आणि जर्मन भाषा बी-१ पातळीपर्यंत येत असेल तर २१ महिन्यांनी कायम परवाना मागता येतो, तोही स्वतः. कॅनडात २०१५ पासूनच्या एक्स्प्रेस एंट्रीत मालक नसला तरी गुणांवर जाता येतं. अमेरिकेत वर्षानुवर्षं थांबलेली बरीच भारतीय कुटुंबं त्या रस्त्याने टोरांटो आणि व्हँकुव्हरला गेली.

बरीच परतही आली. पुण्यात, नागपुरात अशी माणसं भेटतात, ज्यांचा आय-१४० दहा-बारा वर्षांपूर्वी मंजूर झाला होता आणि ज्यांनी सगळं संपलं असं समजून ती फाइल बंद केली. ती समजूत बरोबर नाही. मंजुरी गैरप्रकारामुळे किंवा वर सांगितलेल्या इतर कारणांनी रद्द झालेली नसेल तर तारीख जिवंत असते, माणूस कोणत्याही देशात राहत असला तरी. उद्या एखाद्या अमेरिकी कंपनीला तोच माणूस हवा असेल, तिने नव्याने पर्म आणि आय-१४० केलं, तर २०१२ची तारीख २०१२चीच धरली जाते आणि मुलाखत मुंबईच्या वकिलातीत होऊ शकते. अमेरिकेला जायचंच नसेल तर प्रश्न नाही. पण जायचा विचार असेल, तर नव्या मालकाशी पगाराचं बोलताना त्या जुन्या मंजुरीची प्रत पहिल्याच बैठकीत पुढे ठेवावी, आणि पर्म कोणत्या महिन्यात सुरू करणार हे नोकरीच्या पत्रात लिहून घ्यावं.